थायरॉईडच्या आजारात जंतूंचा हात किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या छत्तीस वर्षांच्या एका बाईंनी तो विचारलाय. जूनमध्ये घरातल्या सगळ्यांना व्हायरल ताप येऊन गेला. त्यांचा ताप चार दिवसांत उतरला, पण तीन आठवड्यांनी मान पुढच्या बाजूने दुखायला लागली. ठणका कानापर्यंत जायचा, संध्याकाळी कणकण असायची, छातीत धडधड व्हायची. घशाचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. मग टीएसएच (ग्रंथीला काम करायला सांगणारा हार्मोन; थायरॉईडचा हार्मोन जास्त झाला की तो उतरतो, कमी पडला की चढतो) ०.०३ आला. एका दवाखान्यात कार्बिमॅझोल सुरू झालं, तीन आठवड्यांनी दुसऱ्या दवाखान्यात ते बंद झालं. आता ऑक्टोबरात दुखणं गेलंय, पण टीएसएच ९.२ आहे आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धची अँटिबॉडी, थोडी वाढलेली आहे. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की थायरॉईडचं मूळ अंगात लपलेल्या जंतूंत असतं, ते मारले की गोळ्या सुटतात. त्यासाठी बऱ्याच हजारांचं एक ‘छुप्या संसर्गांचं पॅनेल’ करायला सुचवलंय. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गियाँ-बारे, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) साथ होती तेव्हा त्यांनाही जुलाब झाले होते, त्याचा काही संबंध असेल का? आणि आईची थायरॉईडची गोळी पंधरा वर्षं चालू आहे, तिच्या पोटात एच. पायलोरी हा जिवाणू निघालाय. तो घालवला तर तिची गोळी बंद होईल का?

ताई, तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, म्हणूनच ते जास्त फसवं आहे. तुमच्या मानेच्या दुखण्यात विषाणूचा हात असणार, याबद्दल मला फारशी शंका नाही. तुमच्या अँटिबॉडीजमागे कुठला जंतू असेल का, हे आज कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. आईंच्या बाबतीत जंतू गडबड करतोय ती पोटात, थायरॉईडमध्ये नव्हे. तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्यात. आणि तिन्हींपैकी एकीतही ते पॅनेल काही सांगणार नाही. का, ते समजण्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

पहिली नवलाची गोष्ट म्हणजे जंतू थायरॉईड ग्रंथीत शिरून तिथे मुक्काम करतात असं फार क्वचित होतं. घसा, टॉन्सिल, दातांची मुळं अशी जंतूंची सगळी वस्ती शेजारीच आहे, तरी ही ग्रंथी सहसा पिकत नाही. तिला रक्तपुरवठा भरपूर आहे, भोवती स्वतःचं वेष्टन आहे, लसिकावाहिन्या कचरा झटपट उचलून नेतात आणि आत आयोडीन साठलेलं असतं. जखमेवर लावायचं तेच आयोडीन. ग्रंथीत खराखुरा पू झालेले रुग्ण मी पंचवीस वर्षांच्या ओपीडीत बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत. त्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा अजून आठवतो. मानेच्या डाव्या बाजूला गळू झालं म्हणून दोनदा चिरा देऊन पू काढला होता, आणि तिसऱ्यांदा ते पुन्हा वर आलं तेव्हा तो माझ्याकडे आला. लहान मुलाच्या मानेत डाव्या बाजूला पुन्हा पुन्हा पू होतो तेव्हा घशाच्या तळाशी जन्मापासून राहिलेली बारीक वाट शोधायची असते. गर्भात मान घडताना जी नळी बुजायला हवी ती बुजत नाही, आणि घशातले जंतू त्या वाटेने थेट ग्रंथीपर्यंत पोचतात. सूज ओसरल्यावर बेरियम पाजून एक्स-रे काढला, वाट दिसली, सर्जननी ती बंद केली आणि मुलगा सुटला. मोठ्या माणसात असा पू दिसला तर साखर, एचआयव्ही, केमोथेरपी अशी प्रतिकारशक्ती खचवणारी कारणं आधी पाहतो. थायरॉईडचा टीबीही असतो, पण आपल्याकडे टीबी इतका असूनही तो दुर्मीळच. गाठीतून सुईने पाणी काढून तपासल्यावर पॅथॉलॉजिस्टचा फोन येतो तेव्हाच बहुधा कळतं.

तुमचं दुखणं यातलं नाही. त्याला सबॲक्यूट थायरॉयडायटिस म्हणतात. फ्रिट्झ द केर्व्हँ या स्विस सर्जनने १९०४ साली त्याचं वर्णन केलं म्हणून त्याचं नावही लावतात. तुमची हकिगत या आजाराच्या पाठ्यपुस्तकातल्या वर्णनाशी अगदी जुळते. आधी सर्दी-ताप किंवा अंगदुखीचा साधा व्हायरल, मग दोन ते आठ आठवड्यांची शांतता आणि मग मान धरते. बाईमाणसांत हा पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, आणि बहुतेक तीस ते पन्नासच्या वयात. दुखणं एका बाजूला सुरू होऊन काही दिवसांनी दुसऱ्या बाजूला सरकतं. रुग्ण सांगतात, ‘डॉक्टर, गिळताना दुखतं’, आणि आम्ही टॉर्च घेऊन घशात बघतो. घसा तर जवळजवळ स्वच्छ असतो! दुखणारी जागा घशाच्या बाहेर, दोन बोटं खाली असते. गळ्यावर नुसता हात ठेवला तरी माणूस मागे सरकतं. तो हात ठेवायला अर्धं मिनिट लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं. म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स होतात. कानातल्या ठणक्यासाठी कानाच्या डॉक्टरांकडे आणि दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले लोकही मी पाहिलेत.

कुठला विषाणू, हे विचाराल तर यादी लांब आहे. गालगुंडाचा, कॉक्सॅकी, ॲडिनो, इन्फ्लुएंझा, सगळ्यांवर संशय घेतला गेलाय. २०२० मध्ये इटलीतल्या पिसा इथल्या डॉक्टरांनी एका अठरा वर्षांच्या मुलीत कोविडनंतर हाच आजार झाल्याचं नोंदवलं, आणि मग जगभरातून तशा नोंदी येऊ लागल्या. कोरोना विषाणू पेशीत शिरताना ज्या प्रथिनाचा दरवाजा म्हणून वापर करतो ते थायरॉईडच्या पेशींवरही असतं, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. पण विषाणू ग्रंथीत शिरून पेशी मारतो की त्याच्याशी लढायला निघालेल्या आपल्याच पेशी तिथे नासधूस करतात, यावर अजून वाद आहे. एक मात्र पक्कं दिसतं. एचएलए-बी३५ ही जनुकीय ठेवण असलेल्यांना हा आजार जास्त होतो. तुमच्या घरात ताप सगळ्यांना आला आणि मान एकट्या तुमची धरली, त्याचा उलगडा बहुधा इथे आहे.

पुणेकर असल्यामुळे इथे एक प्रश्न हमखास येतो: एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, नमुना पाठवून विषाणू कोणता ते बघायचं का? १९५२ पासून ही संस्था आपल्या शहरात आहे, तिचा आपल्याला अभिमानही आहे, पण या कामासाठी तिला त्रास देऊ नये. मान धरते तोवर विषाणू बहुतेक वेळा निघून गेलेला असतो. आणि सापडला तरी उपचार तोच.

उपचार काय, ते आता सांगतो, कारण तुमच्या बाबतीत गोंधळ तिथेच झाला. थायरॉईडमध्ये दोन-तीन महिने पुरेल इतका हार्मोन तयार होऊन साठलेला असतो. सूज आली की भिंती फुटतात आणि तो साठा रक्तात उतरतो. मग धडधड, घाम, हात थरथरणं, वजन उतरणं सुरू होतं, आणि टीएसएच तळाला जातो. रिपोर्टचा कागद पाहिला तर ग्रेव्हजसारखाच, म्हणजे ग्रंथी जोमाने जास्त हार्मोन बनवतेय असा. कार्बिमॅझोल हे औषध नवा हार्मोन बनण्याचं काम थांबवतं. पण इथे नवा काही बनतच नाहीये, जुनाच वाहतोय. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा वरचा पाऊस थांबला असता तरी धरणात साठलेलं पाणी लकडी पुलापर्यंत आलंच असतं, तसं हे. म्हणून कार्बिमॅझोल बंद करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर होतं. दोन्ही आजारांतला फरक समजायला ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची साधी तपासणी, पुरेसा बोलका असतो. या आजारात तो पन्नासच्या वर, पुष्कळदा शंभरच्या घरात जातो. शंका उरली तर टेक्निशियम स्कॅन करतात. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी झगमगते, यात ती स्कॅनवर जवळपास दिसतच नाही.

वेदनेसाठी आयबुप्रोफेन किंवा नेप्रॉक्सेन, धडधडीसाठी काही दिवस प्रोप्रॅनोलॉल. दम्याचा त्रास असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको. वेदना तीन-चार दिवसांत हटली नाही तर प्रेडनिसोलोन. स्टेरॉइडचं नाव काढलं की आपल्याकडे चेहरे पडतात, पण या आजारात त्याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. महिनाभर न झोपलेली बाई दुसऱ्या दिवशी फोन करून सांगते की रात्री कूस बदलता आली. फक्त ते हळूहळू कमी करायचं असतं. बरं वाटलं म्हणून आठवड्यात बंद केलं की दुखणं परत येतं, आणि मग माणूस म्हणतं की औषध लागू पडलं नाही. अँटिबायोटिकचा या सगळ्यात काडीचा उपयोग नाही. तुमच्या तिसऱ्या कोर्सनंतर बरं वाटलं असेल तर ते आजार आपल्या चालीने ओसरत होता म्हणून.

साठा वाहून गेला की ग्रंथी काही काळ रिकामी असते आणि दुरुस्तीत गुंतलेली असते. हार्मोन कमी पडतो आणि टीएसएच वर चढतो. तुमचा ९.२ हा त्या टप्प्यावरचा आकडा आहे. बहुतेकांमध्ये तो काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत खाली येतो. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना मात्र कायमची गोळी लागते. तुम्ही कुठल्या गटात जाल हे आज मला सांगता येणार नाही. अँटी-टीपीओ या आजारातही काही काळ थोडी वाढते आणि उतरते, त्यामुळे आजच तिच्यावरून ‘हाशिमोटो’ (शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटतं तो आजार, पुढे येईलच) असा शिक्का मारू नये. फार थकवा नसेल तर सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच आणि फ्री टी-फोर (रक्तातला थायरॉईडचा हार्मोन) पुन्हा करायचा. टीएसएच दहाच्या वर गेला किंवा अंग अगदीच गळून गेलं तर थोडी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची नेहमीची गोळी, सुरू करून सहा महिन्यांनी बंद करून बघता येते. दिवस जाण्याचा विचार असेल तर मात्र वाट पाहत बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. त्याचे हिशोब वेगळे असतात.

आता लपलेल्या जंतूंकडे येतो.

जंतू मारला की थायरॉईड सुधारेल ही आशा आजची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला तरुण डॉक्टर गिलगिटमध्ये होता. तिथल्या गावांत गलगंड भरपूर. त्याने पाहिलं की एकाच पाटाचं पाणी वरच्या गावातून खालच्या गावात जातं, वाटेत घाण मिसळत जाते, आणि गलगंडाचं प्रमाण वरून खाली वाढत जातं. त्याने त्या पाण्यातला गाळ काही जणांना पाजला, स्वतःही प्यायला! त्यांच्यातल्या काहींच्या माना सुजल्या. गाळ उकळून दिला तेव्हा सुजल्या नाहीत. झालं, गलगंड हा जंतूंचा रोग. मग आतड्यातले जंतू मारणारी औषधं देऊन तो गलगंडावर उपचारही करू लागला. साधारण त्याच काळात ब्राझीलमध्ये कार्लोस शागास हा तितकाच हुशार माणूस, ज्याच्या नावाने शागास रोग ओळखला जातो, तिथल्या गलगंडाला आपण शोधलेला परजीवीच कारण आहे असं मानत होता. दोघांचंही निरीक्षण बारीक होतं, पण निष्कर्ष टिकले नाहीत. मुख्य कारण आयोडीनचा तुटवडा. आपल्याकडे त्याचा पुरावा कांगडा खोऱ्यात मिळाला. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथे काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवलं आणि मुलांच्या गळ्याच्या गाठी घटल्या. त्यातूनच १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. मॅककॅरिसनबद्दल मला आदर आहे, पुढे पोषणशास्त्रात त्याने मोठं काम केलं. पण गाळ पिण्याइतका जो स्वतःशी प्रामाणिक तोही चुकू शकतो, हे पॅनेल विकणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आज आपल्या शहरात दिसणारे थायरॉईडचे बहुतेक आजार आयोडीनच्या तुटवड्याचे नाहीत, ऑटोइम्यून आहेत. हाशिमोटो, म्हणजे हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ साली चार बायकांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन केलेला, आणि ग्रेव्हज. यांत शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकं समजते. ती असं का समजते, याच्या उत्तरांत जंतूंचं नाव येतं. आणि इथे तुमच्या जीबीएसच्या प्रश्नाचा खरंच उपयोग होतो.

नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, तुमचा सिंहगड रस्ता, त्या जानेवारीत तिथे काय वातावरण होतं ते तुम्हाला सांगायला नको. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले आणि बऱ्याच जणांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू निघाला. या जिवाणूच्या अंगावरचा एक रेणू आपल्या नसांवरच्या रेणूसारखा दिसतो. जिवाणूविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीज चुकून नसांवर तुटून पडतात. तोतयाला पकडायला निघालेल्या पोलिसांनी त्याच्यासारखा दिसणारा सज्जन माणूस धरावा, तसं. जीबीएसमध्ये हे जवळजवळ सिद्ध झालंय, कारण जुलाब आणि पाय लुळे पडणं यांत एक ते तीन आठवड्यांचंच अंतर असतं आणि माग काढता येतो. तरीही कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या हजारात साधारण एकालाच जीबीएस होतो. उरलेल्यांचं पोट बिघडतं आणि दुरुस्त होतं.

थायरॉईडमध्ये असाच तोतया शोधायचा प्रयत्न झाला. येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका नावाचा पोट बिघडवणारा जिवाणू आहे. त्याच्यावर टीएसएच चिकटेल अशी जागा सापडली आणि ग्रेव्हजच्या रुग्णांत त्याच्या अँटिबॉडीज जास्त दिसल्या. आम्ही शिकत होतो तेव्हा हे परीक्षेचं हुकमी उत्तर होतं. पण डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासांतून एकमत झालं नाही. एकाने संबंध नाही म्हटलं, दुसरा म्हणाला इतक्यात निकाल देऊ नका. पुढे ॲमस्टरडॅममध्ये थायरॉईडच्या रुग्णांच्या बहिणी-मुलींवर काही वर्षं लक्ष ठेवून पाहिलं तर येर्सिनियाने काही फरक पडलेला दिसला नाही. अडचण इथेच आहे. हाशिमोटोमध्ये अँटिबॉडी येण्यापासून टीएसएच चढेपर्यंत वर्षंच्या वर्षं जातात. तेवढ्या काळात माणसाला किती वेळा ताप येतो, किती वेळा पोट बिघडतं! कुणाला धरायचं? तुमचे जानेवारीतले जुलाब आणि जुलैतली मान यांचा संबंध मी जोडणार नाही.

तरी बाहेरचं काहीतरी निमित्त लागतं, हे खरं. डेन्मार्कमध्येच एकाच बीजाच्या जुळ्यांचा हिशोब मांडला तेव्हा एका भावंडाला ग्रेव्हज असेल तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण शंभरात पस्तीसच्या आसपास निघालं. जनुकं तंतोतंत तीच, तरी शंभर नव्हे. आयोडीन, सिगारेट, बाळंतपण, ताण आणि संसर्ग हे सगळे उरलेल्या जागेचे दावेदार. संसर्गाच्या बाजूने मला सगळ्यात पटणारा पुरावा एका औषधाचा आहे. विषाणू आला की पेशी इंटरफेरॉन नावाचा इशारा सोडतात. हिपॅटायटिस सी साठी हेच इंटरफेरॉन पूर्वी इंजेक्शनने सहा महिने, वर्षभर देत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची थायरॉईड बिघडायची. एचआयव्हीमध्ये तर याहून गमतीदार घडतं. औषधांनी विषाणू दबतो, खचलेली प्रतिकारशक्ती परत उभी राहते, आणि एक-दोन वर्षांनी एखाद्याला ग्रेव्हज होतो. म्हणजे जंतू आटोक्यात आल्यावर आजार! या दोन्हींत नुकसान करणारा हात आपल्याच यंत्रणेचा आहे.

आणि उलट बाजूही ऐका. फिनलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा कारेलिया हा भाग. लोकांची जनुकीय ठेवण जवळची, राहणीत मोठा फरक. रशियन बाजूला गरिबी जास्त आणि मुलांना संसर्ग जास्त. दोन्हीकडच्या शाळकरी मुलांचं रक्त तपासलं तर थायरॉईडच्या अँटिबॉडीज फिनलंडच्या स्वच्छ मुलांत जास्त निघाल्या. लहानपणी मातीत खेळल्याने यंत्रणेला आपलं-परकं शिकायला मिळतं, असा त्यावरचा तर्क आहे. याचा अर्थ मुलांना मुठेचं पाणी पाजा असा कुणी काढू नये.

म्हणून ते पॅनेल. त्यात बहुधा एपस्टाईन-बार विषाणू, सायटोमेगॅलो, येर्सिनिया, लाइम वगैरेंच्या आयजीजी अँटिबॉडीज असतील. आयजीजी म्हणजे हा जंतू कधीतरी येऊन गेला याची पावती. एपस्टाईन-बारची पावती जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांकडे असते. माझ्याकडे असणार, पॅनेल सुचवणाऱ्याकडे असणार. तुमची पॉझिटिव्ह येईल, मग तो ‘मारायला’ महिनोन्महिन्यांचं काहीतरी सांगितलं जाईल, आणि त्या काळात तुमचा टीएसएच आपोआप उतरला तर श्रेय त्याला जाईल. हाशिमोटो किंवा ग्रेव्हज बरा करणारा जंतुनाशक कोर्स आज अस्तित्वात नाही.

आता आई. एच. पायलोरी आपल्या देशात निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात आहे. त्याचा हाशिमोटोशी संबंध आहे असं सांगणारे आणि नाकारणारे दोन्ही प्रकारचे अभ्यास आहेत. मी त्या वादात पडत नाही, कारण त्याचा दुसरा उपद्व्याप जास्त कामाचा आहे. लेव्होथायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. हा जिवाणू जठराच्या अस्तराला सूज आणतो, आम्ल घटतं आणि गोळी पूर्ण लागत नाही. २००६ साली रोममधल्या डॉक्टरांनी दाखवलं की एच. पायलोरी किंवा झिजलेलं जठर असलेल्यांना तोच परिणाम साधायला २२ ते ३४ टक्के जास्त डोस लागतो. त्यात आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घ्यायची सवय. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल हेही आम्लच कमी करतात. आईंची शंभरची गोळी सव्वाशे झाली, दीडशे झाली आणि टीएसएच काही हलेना, असं असेल तर पोटाचा उपचार जरूर करा. त्याने डोस कमी होऊ शकतो. गोळी बंद होणार नाही, कारण पंधरा वर्षांत ग्रंथीचं जे झालंय ते पोट सुधारल्याने परत येत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. एच. पायलोरीचं निदान रक्तातल्या अँटिबॉडीवर झालं असेल तर ते पुरेसं नाही, ती जुनी पावतीही असू शकते. शौचाची अँटिजेन तपासणी, श्वासाची तपासणी किंवा दुर्बिणीतून घेतलेला तुकडा हवा. या तपासण्यांआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. दुसरं, जंतू गेल्यावर तोच डोस अचानक जास्त लागू पडतो. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. उतारवयात थायरॉईडचा डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

टीबीची औषधं चालू असलेलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच: रिफाम्पिसिनने थायरॉईडची गोळी शरीरात लवकर संपते, आणि औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत देतात ती इथिओनामाइड व पॅरा-अमिनो सॅलिसिलिक ॲसिड ही औषधं स्वतःच थायरॉईड मंद करतात. टीएसएचवर लक्ष हवं.

एक चूक माझीही सांगतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत डेंग्यूतून उठलेल्या एका गृहस्थांचा टीएसएच १४ आला म्हणून मी गोळी लावली. गंभीर आजारात आधी टी-थ्री हा थायरॉईडचाच दुसरा हार्मोन घसरतो, टीएसएचही दबतो, आणि माणूस सावरू लागला की टीएसएच तात्पुरता वर उडी मारतो, कधी वीसपर्यंत. ग्रंथीला काहीच झालेलं नसतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण समोर आकडा लाल रंगात छापलेला होता. तीन वर्षांनी त्यांनीच विचारलं, ‘ही बंद करून बघू का?’ बंद केली, सगळं नॉर्मल. तेव्हापासून पावसाळ्यात हॉस्पिटलातून डिस्चार्जसोबत आलेल्या थायरॉईडच्या रिपोर्टवर, लक्षणं किंवा गाठ नसेल तर, मी एकच शेरा लिहितो: दोन महिन्यांनी पुन्हा.

तुम्ही कार्बिमॅझोल घेतलं होतं म्हणून एक गोष्ट राहायला नको, आणि जे ग्रेव्हजसाठी ते खरोखर घेतायत त्यांच्यासाठी तर ही जास्त महत्त्वाची. हजारात दोन ते पाच जणांत हे औषध रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा करतं, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. ते चालू असताना ताप आणि घसा दुखणं आलं तर ‘व्हायरल आहे’ म्हणून घरी थांबू नका. गोळी त्या क्षणी बंद, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, रविवार असला तरी. तुमची तीन आठवड्यांत बंद झाली आणि त्याला आता बरेच दिवस झाले, त्यामुळे तुम्हाला काळजी नाही.

तर पॅनेलचे पैसे वाचवा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टीएसएच आणि फ्री टी-फोर करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. मधे सर्दी-ताप झाला तर तपासणी दोन-तीन आठवडे पुढे ढकला. मान पुन्हा दुखली तर अँटिबायोटिकआधी ईएसआर करून घ्या. आणि आई सकाळी गोळी कशाबरोबर घेतात ते एकदा उठून बघा. माझ्याकडच्या निम्म्या आया ती चहाच्या पहिल्या घोटाबरोबर घेतात आणि डॉक्टरांना सांगताना ‘अनशापोटी’ म्हणतात.